कर्ज दादाचं, जप्ती माझ्या मशीनची

दादाच्या दुकानात माझी ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडा शिवायची) होती. त्याच्यावर पैशाच्या दाव्यात डिक्री झालेली, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा निकाल, धनकोने त्याच्या वसुलीसाठी कोर्टात दरखास्त लावली आणि कोर्टाचे बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात, वहिनी परोपरीने सांगत होती की ही मशीन नणंदेची आहे पण ते म्हणाले ताई जे असेल ते कोर्टात सांगा. त्यांच्या हातात ते नसतंच, वस्तू कोणाची हे कोर्ट ठरवतं.

जो तो म्हणत होता की आता वेगळा दावा लाव आणि बस वर्षानुवर्षं. वकील मॅडम म्हणाल्या गरज नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ रूल ५८ आहे, तिऱ्हाइताने त्याच दरखास्तीत हरकतीचा अर्ज द्यायचा, मालकीचा निकाल तिथेच लागतो. पण लिलावाच्या आधी! विक्री होऊन गेली किंवा मुद्दाम उशीर केलाय असं कोर्टाला वाटलं तर अर्ज घेतच नाहीत, मग मात्र वेगळा दावा. म्हणून सोबतच रूल ५९ खाली लिलाव थांबवायचाही अर्ज दिला. कारागिराची हत्यारं कलम ६० मुळे जप्त होत नाहीत असंही कोणीतरी सुचवलं, पण ते संरक्षण ज्याच्यावर डिक्री आहे त्याच्या हत्यारांना, माझा मुद्दा मालकीचा होता.

खरा कस लागला तो पुराव्यात. मशीन दादाच्या दुकानात सापडली म्हणजे त्याचीच असं समोरचे वकील धरून बसले, दादाचं ॲफिडेव्हिट दिलं तर म्हणे बहीणभावाचं साटंलोटं आहे. फार लागलं मला ते, माझ्या कमाईची वस्तू आहे हो. पण घरच्या माणसाच्या शब्दावर भागत नाही हे खरं, कागदच लागतो. बिल माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, तारखा दादाच्या केसच्या कितीतरी आधीच्या. तरी अडलंच, कारण पंचनाम्यात नुसतं ‘शिलाई मशीन एक, जुनी’. बिलावर सिरियल नंबर आहे, पंचनाम्यात नाही, मग ही तीच कशावरून? शेवटी कोर्टाची परवानगी घेऊन नाझरकडे (जप्तीच्या वस्तू सांभाळणारा कोर्टाचा अधिकारी) ठेवलेली मशीन बघितली, नंबरच्या पट्टीवर तेलाची पुटं चढलेली, फडक्याने घासून घासून पुसली तेव्हा आकडे दिसले आणि बिलाशी एकूण एक जुळले. तिथेच फोटो काढले.

कोर्टाने जप्ती उठवली. या आदेशाला डिक्रीइतकंच बळ असतं त्यामुळे धनकोला अपील करता येतं, माझा अर्ज फेटाळला असता तर मलाही आलं असतं. आदेशाची सर्टिफाइड कॉपी दाखवून मशीन सोडवून आणली. दादाविरुद्धची दरखास्त अजून चालू आहे, त्याच्या वस्तूंवर वसुली करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, त्यात मी मध्ये पडणार नाही.