पोर्तोचा रिबेइरा चौक: आधी पलीकडच्या काठावरून

पोर्तुगालला जाणारी आपली मंडळी बहुतेक सगळे दिवस लिस्बनला देतात आणि पोर्तोची एका दिवसात धावती फेरी उरकतात. त्या फेरीत रिबेइरा चौकात पोचायला दुपारचा एक वाजतो. मग छत्रीखाली बसून महागडं जेवण, पुलासोबत फोटो आणि परत स्टेशन. असंच करायचं असेल तर गेला नाहीत तरी चालेल. चौक लहान आहे, नुसता बघायला दहा मिनिटं पुरतात. पण पोर्तोत निदान दोन रात्री काढल्या आणि क्रम उलटा ठेवला, म्हणजे आधी दोउरो नदीपलीकडून चौक बघून मग पुलावरून चालत त्यात शिरलात, तर अख्खी संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही.

मी आईला घेऊन गेले होते. आम्ही फोंड्याचे. गोव्यात पुष्कळ घरांत पोर्तुगीज पासपोर्ट असतो, आमच्याकडे नाही, तेव्हा शेंगेन व्हिसाची रांग चुकली नाही. उन्हाळ्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंटच्या मागे फार आधीपासून लागा.

लिस्बनहून पोर्तोला वेगवान गाडीने तीन तासांच्या आसपास लागतात. ती गाडी कांपान्यांव स्टेशनात थांबते. गावाच्या मध्यावर असलेल्या सांव बेन्तो स्टेशनात जायला तिथून लोकल बदलावी लागते, पाचेक मिनिटांचा प्रवास. विमानतळावरून येत असाल तर जांभळ्या रंगाची मेट्रो धरून त्रिंदाद, तिथे पिवळी लाइन बदलून सांव बेन्तो. मेट्रोसाठी आंदांते नावाचं कार्ड घ्यावं लागतं. बहुतेक स्टेशनांत अडवणारे दरवाजेच नसतात, त्यामुळे नवखा माणूस सरळ गाडीत जाऊन बसतो. चढण्याआधी पिवळ्या यंत्राला कार्ड लावायचंच, आणि माणशी एक कार्ड हवं, दोघांत एक चालत नाही. तपासनीस येतात आणि दंड जबर असतो.

सांव बेन्तोत उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. प्रवेशदालनाच्या भिंती वीसेक हजार निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांनी भरल्या आहेत: लढाया, राजांच्या मिरवणुका, खेड्यातली कामं. हे काम जॉर्ज कुलासो या चित्रकाराचं. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांच्या ज्या निळ्या फरशा आहेत, त्याही त्याच्याच. पणजीत कामाला जाणारी आपली माणसं रोज त्यांच्यासमोरून जातात आणि वर बघत नाहीत. इथेही लोकल पकडणारे पोर्तोवाले बघत नव्हते.

स्टेशनातून उतारावरच्या रस्त्याने पंधरा मिनिटांत रिबेइरा येतो आणि नकाशाही तुम्हाला तिकडेच ढकलतो. ढकलू देऊ नका. पिवळ्या मेट्रोनेच एक स्टेशन पुढे जा, जार्दिं दु मोर्रूला. ही मेट्रो दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदी ओलांडते. पाय चालत असतील तर पूल पायीच ओलांडा. पाण्यापासून सुमारे ६० मीटर उंचीवर, गाडीच्या रुळांशेजारूनच माणसं चालतात, घंटी वाजली की बाजूला सरतात. वारा असा असतो की टोपी हातात धरलेली बरी. पूल १८८६ साली वापरात आला. तो आयफेलने बांधला असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात, पण आराखडा त्याचा आधीचा भागीदार तेओफील सेरिग याचा. आयफेलच्या कंपनीचा पूल नदीच्या वरच्या अंगाला आहे, मारिया पिया नावाचा, १८७७चा. त्यावरून आता गाड्या जात नाहीत.

जार्दिं दु मोर्रू ही टेकडीवरची बाग. हा काठ पोर्तोचा नव्हे, व्हिला नोव्हा द गाइया हे वेगळं गाव आहे. इथून समोर रिबेइरा उभा दिसतो, आणि उभा हाच शब्द बरोबर. दोन खिडक्यांएवढ्या रुंदीची चार-पाच मजली घरं एकमेकांना खेटून चढावर रचलेली, कुठे पिवळा रंग, कुठे विटकरी, कुठे फरशा, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि सगळ्यांत वर कॅथेड्रल. खाली घाटाशी जी मोकळी जागा दिसते तोच आपला चौक. तो असा खालच्या अंगाला का, गावाच्या मध्यात का नाही, हे इथूनच उमगतं: शहर नदीतून येणाऱ्या मालावर जगलं आणि हा त्याचा उतरवण्याचा धक्का. घरांची तोंडं दक्षिणेला आहेत, त्यामुळे ऊन दिवसभर त्यांच्यावरच असतं, पण रंग खुलतात ते संध्याकाळी. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. बागेत त्या वेळी पोरांची गर्दी आणि गिटार असते, तेव्हा गवतावर जागा हवी तर तासभर आधी या.

इथून खाली गाइयाच्या धक्क्यावर उतरायला पायऱ्या आणि उताराचा रस्ता आहे. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही रोपवे घेतला. अंतराच्या मानाने तिकीट महाग, पण गुडघ्यांच्या मानाने स्वस्त. धक्क्यावर रांगेने पोर्ट वाईनची कोठारं आहेत. १९२६ पासून १९८६ पर्यंत ही वाईन इथूनच परदेशी पाठवायची असा कायदा होता. समोर पाण्यात सपाट बुडाच्या राबेलो होड्या बांधलेल्या दिसतात. वरच्या खोऱ्यातून वाईनची पिंपं त्यांतूनच यायची. आता त्या शोभेच्या. चाखण्याचे कार्यक्रम असतात, आम्ही गेलो नाही.

आता पुलाच्या खालच्या मजल्यावरून पोर्तोच्या काठावर या. पूल संपला की डावीकडे घाट लागतो, आणि चौकात शिरण्याआधी थांबण्यासारखं जे आहे ते इथेच. एक म्हणजे दुक दा रिबेइराचं स्मारक, रिबेइराचा सरदार म्हणा. खरं नाव देओक्लेसियानु मोंतेइरो (१९०२-१९९६). हा कुणी सरदार-बिरदार नव्हता, या घाटावर वाढलेला माणूस. बुडणाऱ्यांना वाचवायचं आणि बुडालेल्यांची प्रेतं काढून आणायची हे त्याने आयुष्यभर केलं. राजेरजवाड्यांचे पुतळे युरोपात पैशाला पासरी आहेत, असा मान मात्र मी इतरत्र पाहिला नाही.

दुसरं, थोडं पुढे भिंतीत बसवलेलं काशाचं उठावचित्र, आल्मिन्यास दा पोंत. २९ मार्च १८०९ रोजी सूल्त या फ्रेंच सेनापतीचं सैन्य शहरात घुसलं. माणसं नदीकडे पळाली. तेव्हा इथे लोखंडी पूल नव्हता, होड्या एकमेकींना बांधून त्यावर फळ्या टाकलेला तरता पूल होता. गर्दीच्या भाराने तो तुटला, मागून लोक रेटतच राहिले आणि हजारो बुडाले असं सांगतात. चित्र १८९७चं आहे, पण जागा जुनी झालेली नाही. खालच्या दगडावर मेणाचे थर साचून तो पिवळट पडलाय, आम्ही उभे होतो तेव्हा तीन-चार मेणबत्त्या जळत होत्या. हातात भाजीची पिशवी असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने वाऱ्याने विझलेली एक उचलली, शेजारच्या ज्योतीवर पेटवली, आडोशाला ठेवली आणि चालू पडली. तिला घाई होती. इथे सेल्फी काढू नका एवढंच.

याच पट्ट्यात घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा शोधा. १९०९ सालची खूण बघायला मान वर करावी लागते. त्या वर्षी डिसेंबरात पाणी पुलाच्या खालच्या मजल्याजवळ पोचलं होतं. दोउरोवर पुढे धरणं झाली, तरी पूर पुरता हटलेला नाही. घाटावरची हॉटेलं तळमजल्यावर भारी सामान का ठेवत नाहीत हे मग विचारावं लागत नाही.

आणि आता चौक. १४९१च्या आगीत इथली घरं जळाली. त्यानंतर नव्याने बांधताना खाली कमानी आणि जमिनीवर फरसबंदी आली. अठराव्या शतकात जुआंव द आल्मादा या प्रशासकाने शहराची आखणी हाती घेतली, त्यात चौकाला हल्लीचा चेहरा मिळाला आणि सांव जुआंव रस्त्याने तो वरच्या गावाला नीट जोडला गेला. नदीच्या बाजूला चौदाव्या शतकाची तटबंदी होती, ती १८२१ साली पाडली म्हणून आज पाणी समोर दिसतं. तटाचा एक छोटा दरवाजा, कोळशाची खिडकी म्हणतात ती, घाटावर अजून शाबूत आहे. उत्तरेला तीन मजली उंचीचं दगडी कारंजं, त्याच्या कोनाड्यात सेंट जॉनची मूर्ती. मूर्ती २००० सालची, जुआंव कुतिलेइरोने घडवलेली, आणि पाहताक्षणी कळतं की ती कारंज्याच्या वयाची नाही. मध्यभागी तिरका टेकलेला काशाचा घन आहे, उत्खननात सापडलेल्या जुन्या कारंज्याच्या अवशेषांवर झुझे रुद्रिगिश या शिल्पकाराने तो बसवला. गावचे लोक चौकालाच घनाचा चौक म्हणतात. आईने बराच वेळ त्याच्याकडे पाहून निकाल दिला: "कबुतरांची सोय चांगली केलीय."

हे सारं इतकं चकचकीत दिसतं की पन्नास वर्षांपूर्वी ही शहरातली सगळ्यांत गरीब वस्ती होती हे पटत नाही. एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली असायची. १९६९ साली फेर्नांदु ताव्होरा या वास्तुरचनाकाराने शेजारच्या बार्रेदो मोहल्ल्याचा अभ्यास केला, माणसांना न हुसकता घरं दुरुस्त करायची हा त्याचा आग्रह. हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४च्या क्रांतीनंतर त्या कामासाठी खास यंत्रणा नेमली गेली. १९९६ साली युनेस्कोने जुनं पोर्तो जागतिक वारशात घेतलं. तेव्हा न हुसकलेली माणसं आता भाड्यांमुळे जातायत, आणि ती भाडी आपल्यासारख्यांमुळेच वाढली आहेत. बार्रेदोच्या बोळांत हिंडताना लोकांच्या खिडक्यांत कॅमेरा खुपसू नये.

जेवणाचं. घाटाला लागून असलेल्या टेबलांवर कॉफी घ्या, जेवू नका. दोन गल्ल्या वर चढलात की तेच पदार्थ कमी पैशांत आणि जास्त चवीने मिळतात. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी न मागता पुढ्यात येतं. त्याला कुवेर म्हणतात आणि खाल्लंत तर त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: उन्हाळ्यात निखाऱ्यावर भाजलेले तारले, वर जाडं मीठ, बाकी काही नाही. आईने पर्समधून तिखटाची पुडी काढली तेव्हा वेटर हसला, मग त्यानेही चिमूटभर चाखली. शाकाहारींनी काल्दो व्हेर्द या हिरव्या सारापासून सावध राहावं, त्यात सॉसेजची चकती असते. फ्रांसेझिन्या हे नाव गोड, पण ते चीज आणि रश्शात बुडवलेलं मांसाचं सँडविच आहे. आणि बाहेर बसलात तर ताटावर लक्ष ठेवा, इथले समुद्रपक्षी आपल्या कावळ्यांपेक्षा धीट आहेत.

२३ जूनच्या रात्री तिथे असाल तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवा. ती सांव जुआंवची रात्र, म्हणजे आपला सांजावच. गोव्यात डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात, पोर्तोत लोक प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या टाळक्यात हाणतात, अनोळखी माणसाच्यासुद्धा. दारोदार तारले भाजतात, सब्जासारख्या तुळशीच्या कुंड्या विकतात. तिचा वास थेट नाक लावून घ्यायचा नसतो, तळहात फिरवून हात हुंगायचा. मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. हॉटेलं फार आधी भरतात, चौकात मुंगीलाही जागा नसते, म्हातारं माणूस सोबत असेल तर ती रात्र गाइयाच्या बाजूने काढा.

बूट रबरी तळव्यांचेच घाला, पाऊस पडला की इथला दगड शेवाळलेल्या पायरीसारखा निसरतो. वर चढायला पुलाजवळून वरच्या गावातल्या बाताल्याला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरीने ओढली जाणारी गाडी, आहे. घाटाजवळ एक फुकट लिफ्टही आहे, चालू असली तर बार्रेदोत वर सोडते. घाटावरून सुटणारी सहा पुलांची बोटफेरी पन्नासेक मिनिटांची असते. मला ती सपक वाटली, आईला मनापासून आवडली, कारण तेवढ्या वेळात एकही पायरी नव्हती. आदल्या दिवशी तिकीट काढायची गरज नाही, सकाळी दहाच्या आत गेलात तर पुढची बाकडी रिकामी मिळतात.