आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून जुन्या घड्याळांच्या खरेदी-विक्रीपर्यंत

सदाशिव पेठेतलं आमचं दुकान मुळात दुरुस्तीचं. वडिलांनी टेबल मांडलं तेव्हा हातावर एचएमटी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. पुढची कित्येक वर्षं लग्नात जावयाला किंवा निरोपसमारंभात साहेबांना काय द्यायचं म्हटलं, की जनता, कोहिनूर, पायलट हीच नावं निघायची. त्याआधीच्या पिढीच्या कपाटात फेवर ल्युबा आणि वेस्ट एंड या कंपन्यांची घड्याळं सापडायची. फेवर ल्युबाचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा, आणि वेस्ट एंडची तर सुरुवातच १८८६ मध्ये मुंबईत झाली. पेठेतल्या जुन्या घरांतून अजूनही ही दोन नावं निघतात ती त्यामुळेच.

मग क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ आलं. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात जपानात विकायला काढलं होतं, पण आमच्या गल्लीत त्याची झळ पोचली ती टायटन आल्यावर. सेलवरचं घड्याळ चावी मागत नाही, तेल मागत नाही. दुकान सेल बदलण्यावर आणि पट्ट्यांवर चालू लागलं. त्या काळात वडिलांनी एक गोष्ट केली, आणि आज आमचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. पुणे, सातारा, सोलापूरकडचे जे जे घड्याळजी दुकान बंद करत होते, त्यांच्याकडचे सुटे भाग ते घेत गेले. बॅलन्स स्टाफ (झुलत्या चाकाचा दांडा), मेनस्प्रिंग (चावी दिली की ताणली जाणारी स्प्रिंग), काटे, क्राउन (चावीचं बटण), काचा. ॲल्युमिनियमच्या छोट्या गोल डब्या, आणि प्रत्येक डबीवर चिकटवलेल्या कागदावर मशीनचा नंबर. घरच्यांना ती अडगळ वाटायची. आज त्यातले काही भाग शोधूनही मिळत नाहीत.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद होणार ही बातमी त्याच्या आधीपासूनच फिरत होती, आणि लोक आपल्या वडिलांची, मामांची घड्याळं घेऊन यायला लागले होते. 'चालू करून द्या' म्हणणाऱ्यांत हळूहळू 'तुमच्याकडे एखादं आहे का?' असं विचारणारेही दिसू लागले. एचएमटी जनतामध्ये सतरा ज्वेलचं (म्हणजे झीज कमी करणारे सतरा खडे बसवलेलं), रोज चावी द्यायचं, सेकंदाला पाच ठोके पडणारं साधं मशीन असतं. ते काही हजारांत मिळतं आणि नीट तेलपाणी केलं तर आरामात चालतं. पहिल्यांदा यांत्रिक घड्याळ घेणाऱ्याला मी आजही तेच सुचवतो. हातात महागडं ब्रँड असण्याआधी चावी देताना बोटाला मेनस्प्रिंगचा ताण कळला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीकडून विक्रीकडे वळलो तसं लक्षात आलं, की जुन्या घड्याळाचा भाव ते किती चकचकीत आहे यावर ठरत नाही. ते किती अस्पर्शित आहे यावर ठरतो. बाजारात मात्र चकचकीत मालच जास्त. जुन्या मशीनवर नव्याने छापलेली, भडक रंगांची डायल चढवून 'विंटेज' म्हणून विकलेली घड्याळं आपल्याकडे इतकी झाली, की परदेशातले संग्राहक भारतातून आलेल्या जुन्या घड्याळाकडे आधी संशयानेच बघतात. चांगला माल असलेल्या माणसालाही त्याची किंमत मोजावी लागते. याची मला मनापासून चीड आहे.

रीडायल, म्हणजे नव्याने रंगवलेली डायल, ओळखायला भिंग पुरतं. अक्षरांच्या कडा जाड आणि पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, सहाच्या खाली 'स्विस' लिहिलेलं असायला हवं तिथे काहीच नसतं. अंधारात चमकणाऱ्या रंगावरूनही कळतं. साठच्या दशकापासून पुढची कित्येक वर्षं घड्याळांच्या चमकत्या रंगात ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरत, आणि डायलच्या तळाशी तसा 'टी' असे. ट्रिटियम साडेबारा वर्षांच्या आतच निम्मं होतं. त्यामुळे सत्तर सालचं घड्याळ दिवा मालवल्यावर रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर कुणीतरी भरलेला आहे. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असतं. त्याची चमक कधीच विझलेली असते, पण किरणोत्सर्ग तसाच असतो. म्हणून तो रंग आमच्या टेबलावर खरवडायचा नाही, हा वडिलांच्या काळापासूनचा नियम आहे.

यातून आमचा कागद तयार झाला. विकलेल्या प्रत्येक घड्याळासोबत तो जातो. डायल मूळचं की रंगवलेलं, काटे मूळचे की बदललेले, केस (बाहेरचं धातूचं कवच) पॉलिश झाली आहे का, मशीनमध्ये आम्ही कोणता भाग नवा घातला, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. जे सांगता येत नाही तिथे 'खात्री नाही' असंच लिहितो. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तो कागद वाचून घड्याळ ठेवून निघून जायची. आता तेच लोक दुसरीकडे घेतलेलं घड्याळ आमच्याकडून तपासून नेतात, आणि आमच्याकडचं घड्याळ पुढे विकायचं झालं तर तो कागद दाखवून विकतात.

एक उदाहरण सांगतो. एरंडवण्यातले दोघे भाऊ वडिलांचं ओमेगा सीमास्टर घेऊन आले. वडील इंजिनिअर, साठच्या दशकात जर्मनीत असताना घेतलेलं. थोरले म्हणाले, "विकायचंय, पण आधी चकाचक करून द्या. डायल पण नवीन करा, डाग पडलेत." मी त्यांच्यासमोर मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला, भिंगाखालीच दिसतील अशा बारीक खुणा कोरलेल्या होत्या. घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत टोचणीने आपली खूण आणि तारीख घालून ठेवतो. इथे वेगवेगळ्या हातांच्या खुणा होत्या, साधारण चार-पाच वर्षांच्या अंतराने, म्हणजे वडिलांनी घड्याळ नेमाने सांभाळलं होतं. मशीनवरचा नंबर त्यांनी सांगितलेल्या काळाशी जुळत होता. केसच्या कडा धारदार होत्या, कधी बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, गेलीच नव्हती. बफ मारला की कडा गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. डायलवरचे डाग ओलीचे होते, पण छपाई शाबूत होती.

"काका, हे असंच राहू द्या," मी म्हटलं. "मशीन धुऊन, तेल घालून देतो. बाहेरून हात लावत नाही. रंगवलं तर निम्म्या किमतीला जाईल." त्यांना ते पटायला वेळ लागला. धाकटे मात्र घरी जाऊन कपाट उपसून आले, आणि एका पाकिटात जर्मन दुकानाचं बिल निघालं. बिल, बॉक्स, वॉरंटी कार्ड यांनी भाव चांगलाच चढतो, कारण त्यामुळे घड्याळाची हकिकत नुसती ऐकीव राहत नाही. अमेरिकन अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. डेटोनाचा तो प्रकार सुरुवातीला दुकानांतून सहजी खपत नव्हता. भाव आला तो मालकामुळे, आणि ते त्याचंच होतं हे सिद्ध करता आलं म्हणून. भावांनी शेवटी सीमास्टर विकलं नाही. आम्हाला सर्व्हिसिंगचे पैसे मिळाले, आणि त्यांच्या ओळखीतून पुढे बरीच घड्याळं आली.

हिंजवडी-बाणेरकडची तरुण मंडळी येतात त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "सर, रोलेक्सचं सबमरीनर घेतलं तर दोन वर्षांत किती सुटतील?" २०२१-२२ मध्ये हा प्रश्न रोजचा होता. पाटेक फिलिपने नॉटिलस ५७११ बंद करायचं ठरवलं आणि त्याचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट गेले. रोलेक्सच्या स्टीलच्या घड्याळांचंही तेच. २०२२ च्या पूर्वार्धानंतर तेच भाव खाली आले, आणि शिखरावर घेतलेल्यांचे पैसे अडकले. घड्याळ म्हणजे एफडी नाही. रोलेक्स, पाटेकची मोजकी मॉडेलं सोडली तर बहुतेक नवी महागडी घड्याळं शोरूमच्या दाराबाहेर पडताच उतरतात. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने कर्ज काढून घड्याळ घेऊ नये, हे मी त्याला तोंडावर सांगतो. विक्री गेली तरी चालेल.

व्यवहार पूर्ण बिलाने. जुन्या मालावर खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरायची सोय कायद्यात आहे, आम्ही ती वापरतो. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घ्यायचा असतो. ती रक्कम गिऱ्हाइकाला विवरणपत्रात वळती करून मिळते, हेही आम्ही आधीच समजावून सांगतो. स्वित्झर्लंडसह एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला. स्विस घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने कमी होत जाईल, तसा नव्या घड्याळांचा इथला भाव बदलेल, आणि जे अजून दुकानात मिळतं त्याच्या सेकंडहँड किमतीवर त्याचा परिणाम होईलच. म्हणून सध्या चालू मॉडेलं आम्ही जास्त साठवत नाही.

टेबलावर आता वडिलांच्या हाताखाली तयार झालेले आमचे काका आणि एक नवी मुलगी असते. पॉलिटेक्निक करून आली, हात फार हलका आहे. हेअरस्प्रिंग (झुलत्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) सरळ करायला काकांनी तिला जनताच्या भंगारातल्या मशीनवर बसवलं, आणि टायमिंग मशीनवरचा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे त्या चाकाचा झोका, पावणेतीनशे अंशांच्या आसपास येईपर्यंत तिच्याकडे गिऱ्हाइकाचं घड्याळ दिलं नाही. वडिलांनी जमवलेल्या सुट्या भागांच्या डब्यांची यादी आता तिनेच संगणकावर उतरवायला घेतली आहे.

घरात जुनं घड्याळ असेल आणि दाखवायचं असेल तर एवढं करा. वर्षानुवर्षं बंद असेल तर चावी देऊन बघू नका, वाळलेल्या तेलावर चाकं फिरली की झिजतात. आपणहून पॉलिश करू नका. पट्टा तुटका असला तरी त्याचं बकल फेकू नका, ते कंपनीचं मूळचं असू शकतं. आणि ज्या कपाटातून घड्याळ निघालं त्याचे कप्पे एकदा नीट बघा, बिल किंवा डबी सापडली तर सोबत आणा. बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही.