"आत्ता आपण कुठे आहोत?" : रचनाविश्लेषण शिकवताना

बी.ए. संगीताच्या वर्गाला रचनाविश्लेषण शिकवायला घेतलं तेव्हा मुलांचं पाठांतर चोख होतं. स्थायी म्हणजे बंदिशीचा, बांधलेल्या रचनेचा, पहिला भाग, अंतरा म्हणजे दुसरा, धृपद या जुन्या गानप्रकारातले पुढचे दोन भाग संचारी-आभोग, सगळ्यांच्या व्याख्या तोंडावर. रेकॉर्डिंग मध्येच थांबवून "आत्ता आपण कुठे आहोत?" असं विचारलं, की वर्ग गप्प.

मग वह्या मिटायला लावल्या आणि एकच काम दिलं: मुखडा, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, परत आला की हात वर करायचा. द्रुत तीनतालात सोळा मात्रा भरकन सरतात, हातही भराभर वर येतात. खरी कसोटी अतिविलंबित एकतालाची. मात्रा बाराच, पण एका आवर्तनाला, तालाच्या एका फेरीला, पाऊण-एक मिनिट सहज जातं आणि तेवढ्यात लक्ष सुटतं. इथे तबल्यावर कान ठेवायला सांगितलं. ठेक्यात, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांत, 'धागे तिरकिट' दोनदा येतं: तिसऱ्या-चौथ्या मात्रेला 'धिं धिं'नंतर, नवव्या-दहाव्या मात्रेला 'कत् ता'नंतर. हे दुसरं आलं की मुखडा जवळ आला. एवढं कळल्यावर मुलं समेआधीच सावरून बसायला लागली.

त्यानंतर कागद. दर आवर्तनाला एक ओळ आणि त्या ओळीत गायकाने गाठलेला सर्वांत वरचा स्वर, बाकी काही नाही. पान भरलं की बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, डोळ्यांना दिसते: मध्य षड्जाच्या (सा) आसपास रेंगाळणं, हळूहळू वर चढणं, मग तार षड्ज (वरचा सा) आणि त्याला लागून अंतरा. भातखंडे लिपीत, स्वर लिहून ठेवण्याच्या पद्धतीत, हीच बंदिश एका पानात मावते. तिच्यावर उभा राहणारा अर्ध्या तासाचा ख्याल त्या पानावर नसतोच, आणि परीक्षेत मात्र आपण ते पान लिहायला सांगतो!

सोलापूरच्या वर्गाचा एक फायदा म्हणजे घराघरांतल्या भाषा वेगळ्या. तेलुगू घरातल्या एका मुलीने कर्नाटक संगीतातली कृती गाऊन दाखवली. तिचे भाग तीन: पल्लवी, अनुपल्लवी, चरणम्. प्रत्येक भागानंतर पुन्हा पल्लवी. शिवाय अनुपल्लवीचीच चाल चरणाच्या उत्तरार्धात आली, हे वर्गाने न सांगता पकडलं. पंढरपूरकडचा मुलगा म्हणाला, "मग अभंगात ध्रुवपदाची ओळ परत परत येते तसंच की, सर." तसंच, पण तिथे ओळ अख्खी परतते आणि ख्यालात फक्त मुखडा. या फरकावर तास कसा संपला कळलं नाही. सतारीवरच्या संथ मसीतखानी गतीचा बाराव्या मात्रेपासून उठणारा मुखडा त्यामुळे चटकन उरकला.

शेवटी चाचणीला न ऐकवलेला विलंबित ख्याल लावला. बहुतेकांनी तार षड्ज दिसताच 'अंतरा' लिहून टाकलं. एकीने मात्र लिहिलं, "तार षड्ज आला, शब्द स्थायीचेच आहेत. अंतरा घेतलेला नाही." बरोबर होतं, काही गायक विलंबितात अंतरा घेतच नाहीत. तिला पूर्ण गुण दिले, आणि पुढच्या तासाला तेच रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी पुन्हा लावलं.