नट-बोल्ट आणि बेअरिंगची आयात: कागद नेमके कुठे अडतात

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूरच्या कारखान्यांसाठी बाहेरून येणारे नट-बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सचे सुटे भाग बहुतेक करून न्हावा शेव्याला उतरतात. माल अडला की पहिला फोन सीएचएला, म्हणजे कस्टम हाउस एजंटला जातो. पण तोवर त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. अडचणीचं मूळ बहुधा कित्येक आठवडे आधीचं असतं. परचेस ऑर्डर निघताना कुणीतरी वर्णन अर्धवट लिहिलेलं असतं, आणि पुरवठादाराने तेच इन्व्हॉइसवर उतरवलेलं असतं. म्हणून कागदांची तपासणी माल पॅक होण्याआधी व्हायला हवी. जहाज निघालं की बिल ऑफ लेडिंगवरची (बीएल, म्हणजे शिपिंग लाइनची मालपावती) एक ओळ बदलायलाही पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

सुरुवात वर्णनापासून करू, कारण कस्टम्सच्या सर्वांत जास्त क्वेरी तिथूनच येतात. आयातीच्या असेसमेंटचं, म्हणजे ड्युटी ठरवण्याचं काम 31 ऑक्टोबर 2020 पासून देशभर फेसलेस झालं. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायची आयातीची घोषणा, दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासत असू शकतो. त्याने तुमचा माल पाहिलेला नसतो, तुमचा सीएचए त्याच्या टेबलापाशी जाऊन समजावू शकत नाही. त्याच्यासमोर असतात ते कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन सोयीवर चढवलेले कागद, तेवढेच. इन्व्हॉइसवर ‘मशीन स्पेअर पार्ट्स, 1 सेट’ असं असेल तर तो प्रश्न विचारणारच, आणि ते योग्यच आहे. हीच ओळ कशी हवी ते पाहा: ‘डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, 6206-2आरएस, बोअर 30 मिमी, बाहेरचा व्यास 62 मिमी, रुंदी 16 मिमी, दोन्ही बाजूंना रबर सील, ब्रँड अमुक, उत्पादन देश तमुक, 5,000 नग.’ यात विचारण्यासारखं काही उरत नाही. सोबत कॅटलॉगचं नेमकं पान जोडा. दोनशे पानांचा अख्खा कॅटलॉग चढवला तर तो कुणी उघडत नाही.

आता वजनाकडे या. 6206 बेअरिंग साधारण 200 ग्रॅमचं असतं. 5,000 नग म्हणजे निव्वळ वजन 1,000 किलोच्या आसपास. पॅकिंग लिस्टवर निव्वळ 1,400 किलो दिसलं तर नग जास्त आहेत की बेअरिंग वेगळं आहे, असा संशय येतो, आणि माल उघडून मोजला जातो. हा गुणाकार पुरवठादाराच्या मसुद्यावर आपणच आधी करून पाहावा.

बोल्टचं वेगळंच आहे. टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या दरयादीत, बेअरिंग नगावर मोजतात, पण 7318 या कोडखालचे पोलादी स्क्रू, बोल्ट, नट आणि वॉशर किलोवर. पुरवठादार बिल करतो ‘दर हजार नग’ या हिशेबाने. एका पॅलेटवर आठ मापं असतील आणि पॅकिंग लिस्टवर एकूण वजन एकच असेल, तर सीएचए ते अंदाजाने वाटून टाकतो. अशा वेळी प्रति किलो किंमत एखाद्या मापाला फार कमी दिसते आणि मूल्याबद्दल क्वेरी येते. प्रत्येक ओळीला नगही हवेत आणि निव्वळ किलोही. ही अट परचेस ऑर्डरमध्येच लिहून टाका.

एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकात, नेहमीची चूक एकच. ‘हा बोल्ट आमच्या प्रेससाठी खास बनवलाय, म्हणून मशीनच्या भागांचा कोड लावा.’ तसं चालत नाही. टॅरिफच्या पंधराव्या विभागातील दुसऱ्या टीपेनुसार 7318 चे बोल्ट, नट, वॉशर हे ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ आहेत, आणि सोळाव्या विभागाची टीप त्यांना यंत्राच्या भागांतून बाहेर काढते. लोखंडी-पोलादी स्प्रिंगलाही हाच न्याय, तिचा कोड 7320. बेअरिंगच्या सुट्या पोलादी गोळ्यांसाठी तर मापच ठरलेलं आहे. पॉलिश केलेल्या गोळीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास ठरलेल्या मापापासून 1 टक्का किंवा 0.05 मिमी, यांतलं जे कमी असेल, त्याहून जास्त हटत नसेल तरच ती 8482 मध्ये. त्याहून ढोबळ गोळी 7326 मध्ये जाते. म्हणून गोळ्यांच्या इन्व्हॉइसवर टॉलरन्स लिहायलाच हवा. एखाद्या मालाचा कोड खरोखर वादाचा असेल आणि तो वारंवार आणायचा असेल, तर मुंबईत कस्टम्सचं आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे, तिथून निर्णय घेऊन ठेवणं परवडतं.

कोड ठरला की त्या कोडवर कोणती परवानगी लागते ते पाहायचं. पोलादी मालासाठी ‘सिम्स’, म्हणजे स्टील इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टीमची नोंदणी लागते. ही पद्धत नोव्हेंबर 2019 पासून आहे आणि पुढे ती टॅरिफच्या 72, 73 आणि 86 या प्रकरणांवर पसरली. नोंदणी ऑनलाइन असते, त्यातून मिळालेला क्रमांक आणि त्याची मुदत बिल ऑफ एंट्रीत भरावी लागते. नोंदणीतला कोड किंवा देश आणि बिल ऑफ एंट्रीतला कोड किंवा देश जुळला नाही, की नोंदणी नव्याने करा. कंटेनर बंदरात, आणि आपण पोर्टलवर. हे टाळता येण्यासारखं आहे.

बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, बाब याहून गंभीर आहे, कारण इथे माल उशिराने सुटत नाही, तो सुटतच नाही. बोल्ट, नट आणि फास्टनरवरचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2023 साली निघाला आणि त्यानंतर त्याच्या लागू होण्याच्या तारखा पुढे सरकत गेल्या. इतर मालावरचे काही आदेश बदलले, काही मागेही घेतले गेले. त्यामुळे मागच्या वर्षी एजंटाने काय सांगितलं होतं यावर विसंबू नका. ऑर्डर देण्याच्या दिवशी बीआयएसच्या संकेतस्थळावर त्या आदेशाची ताजी अधिसूचना वाचा: कोणता आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक, कोणता माल, कोणाला सूट. आदेश लागू असेल तर परवाना परदेशातल्या कारखान्याकडे असावा लागतो, व्यापाऱ्याकडे असून चालत नाही. तोही ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्याचा, ठरावीक मानकासाठी आणि त्यात नोंदलेल्या ग्रेड-मापांसाठीच असतो. निंगबोचा व्यापारी परवान्याची प्रत मेलवर पाठवतो, माल मात्र दुसऱ्याच कारखान्यातून उचलतो, असं होऊ शकतं. म्हणून परवाना क्रमांक बीआयएसच्या यादीत स्वतः शोधा, कारखान्याचा पत्ता टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून पाहा, आणि खोक्यांवर आयएसआय चिन्हासोबत तोच क्रमांक छापलेला फोटो माल निघण्याआधी मागवा.

मशीन आणत असाल तर आणखी एक गोष्ट हमखास निसटते. हल्ली कंट्रोल पॅनेलमध्ये किंवा रिमोट पेंडंटमध्ये वाय-फाय, ब्लूटूथचा मॉड्यूल असतो. त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते. मशीन विकणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं. स्पेसिफिकेशनच्या शेवटच्या पानावर वायरलेसचा उल्लेख आहे का, ते आपणच बघायचं.

मूल्याचा भाग थोडक्यात, पण आकड्यांसह. ड्युटी सीआयएफ मूल्यावर, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर बसते. इन्व्हॉइस एफओबी, म्हणजे भाडं-विमा न धरता असेल आणि भाड्याचा, विम्याचा कागद नसेल, तर नियमाप्रमाणे भाडं एफओबीच्या 20 टक्के आणि विमा 1.125 टक्के धरला जातो. समजा माल एफओबी 10,00,000 रुपयांचा, खरं भाडं 45,000 आणि विमा 3,000. कागद असतील तर मूल्य 10,48,000. नसतील तर 12,11,250. मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी 18 टक्के धरला तर एकूण भार 27.735 टक्के होतो. म्हणजे एका कागदापायी 45,277 रुपये जास्त. त्यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण 13,468 रुपये परत येत नाहीत. मालवाहतूक ठरवणाऱ्या फॉरवर्डरकडून भाड्याचं प्रमाणपत्र बुकिंगच्या दिवशीच मागून घ्यावं. पुरवठादार तुमचीच मूळ कंपनी किंवा भगिनी कंपनी असेल, जसं चाकणच्या अनेक कारखान्यांचं असतं, तर तो संबंध बिल ऑफ एंट्रीत जाहीर करावाच लागतो आणि प्रकरण कस्टम्सच्या स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँचकडे जाऊ शकतं. पहिल्या कन्साइनमेंटआधीच किंमत कशी ठरते याचा करार आणि दरपत्रक तयार ठेवा.

मुक्त व्यापार कराराची सवलत घेणार असाल, जपान, कोरिया, आसियान, यूएई कुठलीही, तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे मूळ देशाच्या प्रमाणपत्राचा, मसुदा आधी मागवा. त्यावरचा कोड पहिल्या सहा आकड्यांपर्यंत आपल्या बिल ऑफ एंट्रीशी जुळला पाहिजे. माल व्हिएतनामहून निघतो आणि बिल सिंगापूरची कंपनी करते, अशा व्यवहारात तिसऱ्या देशाच्या इन्व्हॉइसची नोंद सर्टिफिकेटवर लागते, तीच चौकट रिकामी राहते. शिवाय 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार या मूळ देशाविषयीच्या नियमांप्रमाणे माल त्या देशातला कसा ठरला याची माहिती आयातदाराकडे असावी लागते. अधिकाऱ्याने मागितल्यावर पुरवठादाराला पहिल्यांदा विचारायला गेलात तर उत्तर वेळेत येत नाही.

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आला की त्यावर घाईत ‘ओके’ लिहू नका. कन्साइनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव आयईसीत (आयात-निर्यात कोडमध्ये) आहे अगदी तसंच हवं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट. पत्ता, जीएसटीआयएन, पॅकेजची संख्या, एकूण वजन, सगळं पॅकिंग लिस्टशी जुळलं पाहिजे. शिपिंग लाइन हीच माहिती आयजीएममध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत भरते. तिथे 24 पॅलेट आणि बिल ऑफ एंट्रीत 42 कार्टन असं झालं की आयजीएम दुरुस्तीचा अर्ज, फी आणि थांबणं आलं. एलसीएल मालात, म्हणजे एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल असेल तेव्हा, फॉरवर्डरचं हाउस बीएल आणि शिपिंग लाइनचं मास्टर बीएल असे दोन असतात, सीएचएला दोन्ही द्या. मूळ बीएल कुरिअरने येणार असेल आणि प्रवास छोटा असेल, जसा दुबईच्या जेबेल अलीहून, तर जहाज आधी पोचतं आणि कागद मागून. पुरवठादारावर विश्वास असेल तर टेलेक्स रिलीज किंवा सी वे बिल बरं, त्यात मूळ कागदाची वाट पाहावी लागत नाही.

लाकडी पॅलेटवर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का हवा: देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक, आणि उष्णता-प्रक्रियेची ‘एचटी’ किंवा धुरीची ‘एमबी’ ही अक्षरं. शिक्का नसला तर प्लांट क्वारंटाइनचं प्रकरण सुरू होतं, तेही आत पोलाद असताना. प्लायवूडच्या खोक्याला शिक्का लागत नाही, पण त्याच्या खालचे ठोकळे सलग लाकडाचे असतील तर लागतो. हे बारीक आहे, पण फोटोत दिसतं.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या 30 दिवस आधीपासून भरता येते आणि न्हावा शेव्यासारख्या बंदरात जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरलेली असावी लागते. मधले रविवार, सणवार यातून वगळले जात नाहीत. उशीर झाला तर पहिले 3 दिवस रोज 5,000 आणि नंतर रोज 10,000 रुपये. ड्युटी वेळेत नाही भरली तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज. एप्रिल 2023 पासून ड्युटी इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून जाते, तेव्हा त्यात पैसे आदल्या दिवशीच टाकून ठेवावेत. याशिवाय कंटेनर अडला की दोन वेगळी मीटरं फिरतात: ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचं, किंवा बंदराचं, डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत दिल्याचा आकार) शिपिंग लाइनचं. एकाने सूट दिली म्हणून दुसरा देत नाही.

एक साधी गोष्ट दरवर्षी काहींना नडते. आयईसीची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर पुन्हा पक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि बिल ऑफ एंट्रीच भरता येत नाही.

भरण्याआधी सीएचए चेकलिस्ट पाठवतो. ही प्रिंट म्हणजे तुमची घोषणा आहे, जबाबदारी तुमची. कोड, नग आणि किलो, चलन, इनकोटर्म (एफओबी, सीआयएफसारखी विक्रीची अट), बीएल क्रमांक व तारीख, जीएसटीआयएन, सिम्स क्रमांक, सवलतीची अधिसूचना आणि तिचा अनुक्रमांक, एवढं एकेक बोट ठेवून वाचायला वीस मिनिटं लागतात. स्टोअरमधल्या माल ओळखणाऱ्या माणसाने ती वाचली तर उत्तम. अकाउंट्सला 8.8 ग्रेडचा बोल्ट आणि 10.9 चा बोल्ट सारखाच दिसतो.

तरीही क्वेरी आली तर तिचं उत्तर तुकड्यांत देऊ नका. अधिकाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या असतील तर तिन्हींची उत्तरं आणि तिन्हींचे कागद एकाच वेळी चढवा, नाहीतर फाइल पुन्हा रांगेत जाते. उत्तर तांत्रिक हवं: ड्रॉइंग, मटेरियल, वापर कुठे, त्याच टॅरिफ टीपेचा आधार. माल सुटल्यावर क्वेरी, उत्तर आणि जोडलेले कागद त्या पार्ट नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा. कागद 5 वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहेच, पण पुढच्या कन्साइनमेंटला तेच उत्तर पहिल्या दिवशीच इन्व्हॉइससोबत चढवता येतं.