बारा फुटी छत्री ते वीतभर फिल्टर : आमची वाटचाल

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथली जवळजवळ तीस मीटर व्यासाची छत्री आम्ही पोरं सहलीत माना वर करून बघायचो. ‘हिच्यातून परदेशी फोन लागतो’, एवढंच गुरुजी सांगायचे. पुढे आयटीआय करून मी भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामाला लागलो.

१९९१ मध्ये एशियासॅट उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत गल्लोगल्ली केबलवाले उगवले. त्यातल्या एकाने विचारलं, “बारा फुटी छत्री बनवून देशील?” मी लगेच हो म्हटलं. कशी बनवायची ते घरी गेल्यावर शोधायला लागलो.

गणित तसं सोपं निघालं. व्यासाचा वर्ग करायचा आणि खोलीच्या सोळापटीने भागायचं, की केंद्र, म्हणजे सगळ्या लहरी जिथे एकवटतात ती जागा, किती अंतरावर येतं ते कळतं. व्यास ३६६ सेंटिमीटर आणि खोली ६१, म्हणजे केंद्र १३७ सेंटिमीटरवर. तिथे एलएनबी, म्हणजे उपग्रहाचा क्षीण सिग्नल वाढवून केबलमध्ये सोडणारा डबा, बसवायचा. अवघड होतं ते गणितातला आकार लोखंडात उतरवणं. छत्रीची कड वाकली आहे का हे तपासायला आमचे वेल्डरमामा कडेच्या चार टोकांवरून दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणायचे. दोऱ्या मधोमध एकमेकींना जेमतेम टेकल्या तर कड सपाट. फट राहिली किंवा एकीने दुसरीला ढकललं, तर पुन्हा हातोडा.

पहिली चूक मी खोडदच्या नादाने केली. तिथे तेव्हा डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहत होती. ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या, आणि पत्रा कुठेच नाही. दोरांच्या आधारावर ताणलेली बारीक तारेची जाळी, भोकं दहा ते वीस मिलिमीटरची. मी रविवारी मोटरसायकल काढून बघायला जायचो. वाटलं, बघ, जाळी स्वस्त, वारा आरपार, पत्र्याचा खर्चच वाचला! बाजारातून वीस मिलिमीटरची जाळी आणून पहिली छत्री बांधली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. खोडदला ऐकतात त्या लहरी एकवीस सेंटिमीटरच्या आणि त्याहून लांब. आमच्या सी बँडची, म्हणजे केबलवाल्यांच्या उपग्रहाच्या पट्ट्याची, लहर साडेसात सेंटिमीटरची. चाळणीची भोकं धान्य बघून ठरवायची असतात, हे मला त्या केबलवाल्याच्या शिव्या खाऊन कळलं.

मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पाकळ्या आणि वर छान चकचकीत पांढरा रंग. गिऱ्हाईक खूश. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी दहाच्या सुमारास फोन आला, “एलएनबीचं टोपण वितळलंय.” वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. एरवी त्याने चित्रात थोडा वेळ व्यत्यय येतो, एवढंच. पण आमची छत्री दहा चौरस मीटरवरचं ऊन गोळा करून हातभर जागेत ओतत होती. तेव्हापासून आमच्याकडे चकचकीत रंगाचा डबा आत येत नाही. मॅट, खरबरीत. दिसायला भिकार, पण ऊन इकडेतिकडे उधळून टाकतो.

दहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. उधारी वसूल करणं हाच निम्मा धंदा होता.

२००४ च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनची डीटीएच सेवा आली आणि साठ सेंटिमीटरची छत्री घराघरावर दिसू लागली. तिच्या पट्ट्याची, केयू बँडची, लहर अडीच सेंटिमीटरची, वर उपग्रह ताकदीचा, त्यामुळे एवढीशी परात पुरते. ती एका ठोक्यात प्रेसमधून निघते. आमच्या पाकळ्या, नटबोल्ट आणि मामांच्या दोऱ्या त्यापुढे काय टिकणार? दोन वर्षांत ऑर्डरी आटल्या. सौ.ने हिशेबाची वही समोर ठेवली आणि म्हणाली, “परात सोडा, मधलं काहीतरी बघा.”

ती सहज बोलली असेल, पण आम्ही खरंच मध्ये सरकलो. केंद्रावर बसून लहरी एलएनबीत घालणाऱ्या भोंग्याला, म्हणजे फीडहॉर्नला, आतून गोल खाचा लागतात, खोली सुमारे पाव लहर. सी बँडला ती एकोणीस मिलिमीटरच्या आसपास, केयूला सहा. लेथवर ही खाच आतल्या बाजूने काढताना हत्यार थरथरलं की माल भंगारात. पहिल्या वर्षी आम्ही विकलं त्यापेक्षा भंगार जास्त केलं. मामांना हे काम कधीच आवडलं नाही. “आत बघायला बॅटरी लागते, हा काय धंदा?”

ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५-जी सुरू झालं आणि आमचा फोन पुन्हा वाजायला लागला. ५-जीला मिळालेला पट्टा ३.६७ गिगाहर्ट्झपर्यंत, उपग्रहाचा ३.७ पासून. मध्ये नावाला कुंपण. शेजारच्या गच्चीवर टॉवर असेल तर छत्तीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या कुजबुजीपुढे तो लाऊडस्पीकरच. एलएनबी बधिर होतो. उपाय म्हणजे फीडहॉर्न आणि एलएनबीच्या मध्ये टॉवरच्या लहरी अडवणारा वेव्हगाइड फिल्टर. ५८ बाय २९ मिलिमीटरची चौकोनी नळी, आत कप्पे, वर स्क्रूंची रांग. फिल्टर कुठली लहर किती सोडतो ते पडद्यावर दाखवणारा नेटवर्क ॲनालायझर जुन्या बाजारातून घेतला, गाडी विकून. मुलगा पडद्याकडे बघत एकेक स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसतो.

इथे कंजूषपणा लागतो तो डेसिबलचा, म्हणजे सिग्नल किती घटला ते सांगणाऱ्या मापाचा. एलएनबीच्या आधी ०.१ डेसिबल गमावला की सात केल्विनचा गोंगाट वाढतो (केल्विन हे इथे गोंगाटाचं माप), आणि चांगल्या एलएनबीचा स्वतःचा गोंगाट वीसच्या आसपास. म्हणून आतून चांदीचा मुलामा, स्वस्त पडत नसला तरी.

गेल्या उन्हाळ्यात एक तक्रार आली की दुपारी चित्र फुटतं. ॲल्युमिनियम तापून फुगतं आणि चाळीस अंशांच्या फरकाने फिल्टरची सीमा साडेतीन मेगाहर्ट्झ खाली, ५-जीच्या बाजूला, घसरते. गार कारखान्यात आम्ही तो काठावर जुळवला होता. आता प्रत्येक बॅचमधले तीन नग मे महिन्याच्या दुपारी पत्र्यावर ठेवून मोजतो. केबल वर नेताना सौ.च्या कुरडयांवर पाय पडू नये, एवढंच मुलाला सांगावं लागतं.