रिकाम्या बाकांसमोरची चर्चा

आज सुट्टीचा दिवस असल्याने २० डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत तीन फौजदारी विधेयकांवर झालेल्या चर्चेचे चित्रीकरण निवांत पाहिले. दोन्ही सभागृहांतील मिळून १४० हून अधिक विरोधी खासदार त्या आठवड्यात निलंबित होते. त्यामुळे विरोधाची बाजू असदुद्दीन ओवैसी यांच्यासारख्या मोजक्याच सदस्यांना मांडावी लागली, आणि पोलिसांच्या हाती एकवटणाऱ्या अधिकारांवर त्यांनी बोट ठेवले.

ओवैसी यांचे राजकारण मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण हा आक्षेप हवेतला नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलीस कोठडीचे १५ दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपत असत. तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार तेच १५ दिवस, गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणजे आरोपी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात, गेल्यावरही पोलीस त्याचा ताबा पुन्हा मागू शकतात, आणि तोवर जामिनाच्या अर्जावर टांगती तलवार राहते.

सामुदायिक सेवेची शिक्षा, झिरो एफआयआर (हद्दीचा प्रश्न न आणता कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय) या तरतुदी स्वागतार्हच आहेत. मात्र कोठडीच्या या एका कलमावर दुरुस्त्या सुचवून मतविभागणी (प्रत्येक मत मोजून होणारे मतदान) मागणारे संख्याबळच सभागृहात उरले नव्हते. विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ती मंजूर केली आणि १ जुलै २०२४ पासून कायदे लागू झाले.