क्रोसिनच्या डब्यात नार्कॅन पण ठेवा

"आपल्या लोकांत ड्रग्ज वगैरे असलं काही नसतं हो" हे वाक्य इथे न्यू जर्सीत इतक्यांदा ऐकलंय की आता मी वादच घालत नाही, फक्त विचारते की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या पर्कोसेटच्या (अफूच्या जातीचं, सवय लागणारं पेनकिलर) उरलेल्या गोळ्या कुठायत? बाथरूमच्या कपाटात. लागतील कधीतरी म्हणून! औषध टाकून द्यायचं म्हणजे आपल्या जिवावर येतं, आणि त्याच घरात कॉलेजला जाणारी पोरं असतात. (पोलीस स्टेशनात ड्रॉप बॉक्स असतो, त्यात नेऊन टाका.)

तरी घरातल्या गोळीत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पोरं परीक्षेच्या आधी स्नॅपचॅटवरून अ‍ॅडरॉल (अभ्यासात लक्ष लागावं म्हणून घेतात ती गोळी) म्हणून जे मागवतात ते दिसायला सेम टु सेम पण आत फेंटानिल निघू शकतं, तेही अफूच्याच जातीचं पण लॅबमध्ये बनवलेलं, हेरॉइनच्या साधारण ५० पट स्ट्राँग, म्हणजे व्यसन लागणं वगैरे लांबच, पहिल्याच गोळीत खेळ खलास.

नार्कॅन म्हणजे अशा अफूच्या जातीच्या ड्रगचा ओव्हरडोस उतरवणारा नाकात मारायचा स्प्रे. त्याच्या ट्रेनिंगला गेले होते तिथे कळलं की ओव्हरडोस झालेला माणूस पिक्चरमधल्यासारखा तडफडतोच असं नाही, बऱ्याचदा तो नुसता झोपल्यासारखा दिसतो. घोरल्यासारखी घरघर येते, ओठ-नखं निळी-राखाडी पडतात, डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि आपण काय म्हणणार, दमलाय बिचारा, झोपू दे. नाही झोपू द्यायचं! हाक मारा, मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा, तरी उठला नाही तर ९११ लावा आणि नार्कॅन द्या. पाकिटात दोन स्प्रे असतात, एकात एकच डोस, त्यामुळे चालतोय का बघायला हवेत फुसकन मारायचा नाही. डोकं मागे, नळी नाकपुडीत, खटका दाबला की झालं. श्वास नसेल तर तोंडाने द्यायचा, दोन-तीन मिनिटांत काही फरक नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. ड्रग घेतलंच नव्हतं असं निघालं तरी त्याने काही बिघडत नाही. शुद्धीवर आल्या आल्या शिव्या घालेल, कारण विथड्रॉल (नशा तुटल्याचा त्रास) एकदम सुरू होतो, पण अँब्युलन्स येईपर्यंत हलायचं नाही, स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि ड्रग अंगात उरलेलं असेल तर श्वास परत थांबू शकतो.

२०२३ पासून इथे १४ वर्षं किंवा त्यावरच्या कुणालाही नार्कॅन राज्याच्या प्रोग्राममधल्या फार्मसीत फुकट मिळतं, नाव न सांगता. ९११ लावणाऱ्यावर स्वतः ड्रग घेतल्याची केस होऊ नये म्हणून राज्याचा २०१३ चा कायदा आहे. स्टुडंट पोरं व्हिसाच्या भीतीने फोन करत नाहीत, ती भीती मला कळते, इमिग्रेशन राज्याकडे नाही, फेडरल सरकारकडे आहे, वकिलाशी नंतर बोला. फोन आधी.

आणि सगळ्यात डेंजर वेळ कुठली, तर पोरगा रिहॅबमधून घरी आल्यानंतरचे आठवडे. घरचे म्हणतात सुटला एकदाचा, पण शरीराची सवय मोडलेली असते आणि घसरला तर तो जुनाच डोस घेतो. म्हणून मला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं कौतुक वाटतं, गर्दने (ब्राउन शुगर) पोरं जात होती तेव्हा १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, आणि उपचार संपले की राम राम असं तिथे नाही, फॉलोअप मीटिंगा असतात, बायकांसाठी सहचरी गट आहे. इथे आपल्याकडे ढोलपथक आहे, मराठी शाळा आहे, दिवाळी पहाट आहे, पण ज्या आईचं पोरगं रिहॅबमधून आलंय तिने कुठे जायचं? इंग्रजी मीटिंगा भरपूर आहेत, चांगल्याही आहेत, पण रडायचं इंग्रजीत म्हणजे अवघडच.

म्हणून आम्ही काहीजणी शनिवारी एकीच्या बेसमेंटमध्ये जमतो. आडनाव विचारायचं नाही, मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत ते तर अजिबातच नाही. यायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता देते, चहा-चिवडा असतो आणि जाताना नार्कॅनचं पाकीट हातात देते. गाडीत मात्र ठेवू नका ते, उन्हाळ्यात तापून खराब होऊ शकतं.